घर कोणाच्या नावाने?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला 'कुटुंब' या विषयावर बोलायला सांगितले आहे. आम्ही काही प्राध्यापक नाही. उमेदीची वर्षे गिरणीत साच्यावर गेली, गिरणी बंद पडली तसे गावी आलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून.

कुटुंब म्हटले की आमच्या पिढीला भिंतीवरचे एक चित्र आठवते. आई, बाप, दोन मुले आणि लाल त्रिकोण. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या बौद्धवाड्यांत अशी घरे होती किती? बाप मुंबईला, गाळ्यात वळकटीपुरती जागा धरून. आई गावाला. सासू-सासरे, दिराची पोरं, गुरं आणि भाताचा तुकडा, सगळे तिच्याच गळ्यात. बाप वर्षातून एकदा यायचा, तोही रजा मिळाली तर. बाकी सगळा संसार मनीऑर्डरीवर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर बंद पडली. घर मात्र बंद पडले नाही. आपल्या आया खडी फोडायला गेल्या, आंब्या-काजूच्या बागांत मजुरीला गेल्या. तरी रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण? तर मुंबईत बेकार बसलेला बाप! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख ठरवली. कागदाला खरे बोलायला एवढी वर्षे लागली बघा.

आता बाबासाहेबांचेच घर घ्या. मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. आई भीमाबाई ते लहान असतानाच गेल्या. पाठीला पोक असलेल्या मीराआत्याने त्यांना वाढवले. आत्या नसती तर? रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. आईबाप लहानपणीच गेलेले, काकांनी सांभाळलेल्या. पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीत संसार मांडला, तेव्हा थोरल्या भावाची विधवा लक्ष्मीबाई आणि तिचा मुलगा मुकुंद त्याच घरात, त्याच चुलीवर. मग त्या भिंतीवरच्या चित्रात हे घर कुठे बसवायचे?

आम्ही गिरणीत होतो तेव्हा फंडाच्या फॉर्मवर 'कुटुंब' असा रकाना असे. पुरुष कामगाराचे कुटुंब म्हणजे बायको, मुले, अवलंबून असलेले आईबाप आणि मयत मुलाची विधवा व तिची मुले. बहीण नाही, भावजय नाही. म्हणजे लक्ष्मीबाई त्यात बसल्या नसत्या आणि मीराआत्याही बसल्या नसत्या. जन्मभर भाकऱ्या थापणारी नवऱ्याने टाकलेली बहीण, ती कायद्याने कोणीच नाही. आमच्या खात्यातले कित्येक जण तो रकाना भरताना पेन हातात धरून बसून राहिलेले आम्ही पाहिले आहेत.

सरकारने कधीच काही केले नाही असे आम्ही म्हणत नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या बिलाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, हा त्यांचा मुद्दा. १९२९ साली तो कायदा झाला. पण २०२२ सालीसुद्धा चंदीगडच्या एका परिचारिकेला त्याच रजेसाठी सुप्रीम कोर्टात जावे लागले. का? तर नवऱ्याला पहिल्या बायकोची दोन मुले होती, म्हणून तिचे पहिले बाळ तिसरे ठरवले. कोर्टाने रजा दिली आणि आईबाप-मुले एवढेच कुटुंब नसते, त्याची रूपे अनेक असतात, असेही सांगितले. महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात आईचे नाव येते.

पण सरकारचे राहू द्या. आपल्या विहाराच्या वहीत काय आहे?

घरटी वर्गणी, आणि घर पुरुषाच्या नावाने. टाकलेली बहीण माहेरी आली की भावाच्या नावाखाली. भावाशी पटले नाही, तिने पडवीत वेगळी चूल मांडली, तर ती कुठेच नाही. बैठकीला बोलावणे नाही, मत नाही. आजारपणाच्या फंडातून काही हवे तर भावाची सही आणा! आमच्या ओळखीच्या एका वाडीत दोन विधवा जावा एका चुलीवर जेवतात, एकमेकींचे दुखणे काढतात. वहीत त्यांची दोन मेलेल्या नवऱ्यांची दोन घरे आहेत आणि वर्गणीही दोन. एका पोराला साडी नेसतो म्हणून बापाने घराबाहेर काढले, त्याला आजी सांभाळते. त्या घराला घर म्हणायचे की नाही, यावर बैठकीत तासभर वाद झाला.

आणि मंगल परिणयाला विधवा आई अजून मागच्या रांगेत बसते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. आपण तर १९५६ लाच बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. मग आईला मागे बसायला कोण सांगते हो?

काही मंडळी म्हणतात, असे केले तर उद्या कोणीही कसलेही घर मांडील. अहो, घटस्फोटाचा हक्क आणि मुलीचा वाटा हिंदू कोड बिलात होता, तेव्हाही घरे मोडतील अशीच ओरड झाली. ते बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. आपण निदान वही तरी बदलू.

आमची सूचना साधी आहे. ज्याच्या हाताने चूल पेटते त्याच्या नावाने घर लिहा. एकट्या बाईच्या घराला अर्धी वर्गणी, पण मत पूर्ण. फंडाची मदत जो दुखणे काढतो त्याच्या हातात. आणि परिणयाला आई पुढे, विधवा असो की टाकलेली. मुंबई मंडळाची मंडळी मे महिन्यात येतील तेव्हाच्या सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव आम्ही ठेवणार आहोत. अनुमोदनाला एक उपासिका उभी राहते म्हणाली आहे. तिचे नाव अजून वहीत नाही, तेवढे सभेआधी घालून घ्यावे, ही सचिवांना विनंती.

जयभीम.