आजारी मुलाच्या उशाशी कोण बसणार?

(रेडिओवरील भाषण)

सोलापुरात घरी विडी वळणाऱ्या बाईचा हिशेब हजाराचा असतो. कारखान्यातून तेंदूची पानं आणायची, भिजवायची, कात्रीने मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन त्यातली तंबाखू पानात भरायची, विडी वळायची आणि दोऱ्याने बांधायची. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. पोराला ताप भरला की शेजारपाजारचे सहज म्हणतात, ‘बरं झालं, तू घरीच असतेस.’ पण त्या दिवशी हजाराचे पाचशे होतात आणि मजुरीही तेवढीच उतरते. त्यातून पोराला खोकला असेल, तर तंबाखूची धूळ उडणाऱ्या त्या खोलीत त्याला निजवायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

पुण्यात हिंजवडीतल्या कंपनीचं काम घरून करणाऱ्या आईचा पगार त्या दिवशी कापला जात नाही. तिचा दिवस मात्र लांबतो. एका हाताने मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर उत्तरं टाकायची, मीटिंग चालू असताना आपला आवाज बंद करून त्याला उलटीसाठी भांडं द्यायचं, आणि राहिलेलं काम घर झोपल्यावर पुरं करायचं. मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून लाखो घरांनी हे पाहिलं आहे. घरून काम करण्याची सोय खरी. पण घरी असलेला माणूस मोकळा असतो, हा समज त्या सोयीबरोबर घट्ट झाला.

आजारी मुलाचं करणं म्हणजे किती काम असतं? जुलाबाचंच पाहू.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडू लागलं, तेव्हा त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी मोठ्या पिंपांत कालवून ठेवलं आणि पेले नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तीच जलसंजीवनी आज ओआरएसच्या पाकिटात आपल्या कपाटात असते. त्या यशात द्रावणाइतकाच वाटा होता तो रुग्णाशेजारी बसून ते घोट घोट पाजणाऱ्या आईबापांचा, भावाबहिणींचा.

आजही तसंच आहे. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळायला दोन मिनिटं पुरतात. पुढे लहान मुलाला एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्यायचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर पाणी पोटात जायला हवं. चमच्याने एवढं पाजायचं, म्हणजे तास-तासभर तिथेच बसावं लागतं. पाकीट स्वस्त आहे. खरी किंमत आहे ती या वेळेची.

खोकल्याचंही तसंच. न्यूमोनियाची शंका घ्यायची तर मुलाचे श्वास मोजावे लागतात. तेही पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना, छातीपोटाच्या हालचालीकडे पाहत. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर लगेच दवाखाना गाठायचा. मूल पीत नाही, पोटात काहीच ठरत नाही, झटके येतात किंवा ते हाका मारूनही नीट जागं होत नाही, तर श्वास मोजत बसायचंही नाही. हे सगळं टिपायला समोर लक्ष असलेलं माणूस लागतं. एक डोळा पडद्यावर किंवा सुपावर ठेवून ते होत नाही.

हा वेळ देतं कोण, तेही मोजलेलं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. मुलं, म्हातारी माणसं, आजारी यांचं करण्यात अशा बायकांची १३४ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ७६.

कायदा या बाबतीत बाळंतपणापाशी थांबतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची वाट खुली झाली, आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मोठीच पावलं होती ती. पण चार वर्षांच्या मुलाला गोवर निघाला, तर खासगी नोकरीतल्या आईला किंवा बापाला त्याच्यासाठी म्हणून हक्काची रजा नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते, महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस. विडी वळणारीच्या वाट्याला असं काही येत नाही.

स्वीडनने १९७४ मध्ये पालकत्वाचा विमा सुरू केला. तिथे आज मूल साधारण बारा वर्षांचं होईपर्यंत, आजारपणात घरी राहणाऱ्या पालकाला एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. तो आईने घ्यावा की बापाने, हे घर ठरवतं. भत्ता घेतला की त्या वेळेत नोकरीचं काम करायचं नाही, अशी अट आहे. म्हणजे मुलाचं करणं हेच त्या दिवसाचं काम मानलं जातं.

आपल्याकडे कायदा होईपर्यंत घराला थांबता येत नाही. दोघंही घरून काम करत असतील, तर सकाळी उठल्याबरोबर दिवसाची वाटणी करावी: दहा ते दोन एकाने मुलाजवळ, दोन ते सहा दुसऱ्याने, आणि रात्रीच्या जागरणाचीही तशीच. औषध किती वाजता आणि किती दिलं, ताप किती होता, लघवी शेवटची केव्हा झाली, हे एका वहीत लिहून ठेवलं, तर पाळी बदलताना चूक होत नाही आणि तीच वही डॉक्टरांपुढे ठेवता येते. ऑफिसला ‘नेट गेलं’ असं सांगण्यापेक्षा ‘मूल आजारी आहे, आज अर्धा दिवस काम करेन’ असं स्पष्ट सांगावं. बापांनी तर ते आवर्जून सांगावं. एका बापाने सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या आईला ते सांगणं सोपं जातं.

आणि मागणीही करायला हवी. आई आणि बाप दोघांनाही, मुलाच्या आजारपणासाठी म्हणून वर्षाला काही दिवसांची पगारी रजा. आणि घरी बसून नगावर मजुरी कमावणारीला त्या दिवसांची भरपाई कल्याणकारी निधीतून. कामगार संघटनांनी, कंपन्यांच्या कर्मचारी मंडळांनी आणि आपल्या आमदार-खासदारांनी हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढी या भाषणाची विनंती आहे.