गाडीचे दार



आगगाडी म्हणजे काय, हे ठाणेकरांना सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून याच गावी येऊन थांबली. आज विचार करावयाचा आहे तो गाडीच्या एकाच भागाचा, तिच्या दाराचा.

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान, शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या दोन लोकलांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचे प्राण गेले. दारात उभे राहू नये, हा उपदेश खराच. परंतु खोपटहून धावतपळत स्टेशन गाठणाऱ्या चाकरमान्याला आत पाय ठेवायला जागाच नसेल, तर त्याने उपदेश कोठे ठेवावा?

मग दारे बंदच का करू नयेत? कारण साध्या लोकलमध्ये वारा येतो तो दारांतून आणि खिडक्यांतून. अशा गर्दीत नुसती दारे लावली, तर माणसे गुदमरतील. म्हणजे दार बंद करणे हे केवळ दाराचे काम नव्हे. त्यासाठी सगळा डबा नव्याने बांधावा लागतो.

कॅनडाचे उदाहरण पाहू. टोरोंटोची भुयारी रेल्वे १९५४ साली सुरू झाली, माँट्रियलची १९६६ साली. टोरोंटोत २०११ साली आलेल्या नव्या गाडीचे सहा डबे आतून सलग आहेत. माँट्रियलमध्ये २०१६ साली आलेल्या, रबरी चाकांवर धावणाऱ्या गाडीचे नऊ. यात नुसती शोभा नाही. जिन्यासमोरचा डबा नेहमी आधी भरतो. डबे सलग असले म्हणजे तेथील माणसे आतल्या आत पुढे सरकतात. शिवाय दारे पूर्ण लागल्यावाचून गाडी हलत नाही. हवा, वाट आणि दार या तिन्हींचा तेथे एकत्र विचार झाला आहे.

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल धावली. २०२० साली तशी गाडी ठाणे-पनवेल मार्गावर आली. मुंबईची भुयारी मेट्रो २०२५ साली कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तेथे तर फलाटालाही दारे आहेत. परंतु वातानुकूलित लोकलचे भाडे साध्या गाडीहून जास्त. दारात लोंबकळणाऱ्याला ते परवडेलच असे नाही. म्हणून मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने जे जाहीर केले ते महत्त्वाचे वाटते: नव्या साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे, त्या दारांना हवेसाठी झडपा, छतावरून ताजी हवा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट.

मात्र एक हिशेब राहतोच. दार मिटले, म्हणजे आज दाराबाहेर लोंबणारी माणसे फलाटावर राहणार. त्यांचे प्राण वाचतील. पण त्यांना कामावर कोण पोहोचविणार? तेव्हा नव्या डब्यांबरोबर गाड्यांची संख्याही वाढली पाहिजे. मिटणाऱ्या दाराची मागणी करताना ठाणेकरांनी ही दुसरी मागणी विसरू नये, एवढीच आमची विनंती आहे.