चोच, चारा आणि सरकारी हप्ता



आपल्याकडे एक जुने वाक्य आहे : ‘ज्यानं चोच दिली, तो चाराही देईल.’ घरात पुन्हा पाळणा हलायची चिन्हे दिसली की वडीलधारी माणसे हे वाक्य म्हणतात आणि विषय तेथेच मिटतो. हल्ली या वाक्याला एक शेपूट जोडलेले ऐकू येते : ‘आणि देवानं नाही दिला, तर सरकार आहेच की!’ बाळंतपणाला पैसे मिळतात, मुलीला लाख रुपये मिळतात, रेशनवर धान्य मिळते, शाळेत दुपारचे जेवण मिळते. मग आणखी एक मूल झाले, तर बिघडले कोठे?

असे विचारणाऱ्याला मी हसणार नाही. प्रश्न सरळ आहे, आणि त्याचे उत्तरही सरळ हिशेबाने दिले पाहिजे. कोणाला किती मुले असावीत, हे सांगायला मी आलेलो नाही. ते नवराबायकोने मिळून ठरवायचे, आणि त्यातही जिला नऊ महिने वाहायचे आहे तिचा शब्द आधी. पण ठरवायच्या आधी मांडलेला हिशेब खरा असावा, एवढेच माझे म्हणणे.

चला तर, पाटी-पेन्सिल घ्या.

पहिली रक्कम बाळंतपणाची. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी आईला ५,००० रुपये मिळतात. त्यातले ३,००० गरोदरपणात नाव नोंदवून तपासणी झाल्यावर, आणि २,००० बाळाच्या जन्माची नोंद व पहिल्या लसी झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, तर ६,००० रुपये एकदम मिळतात. तिसऱ्या खेपेला या योजनेतून काही नाही. आता तुमच्या गावी शेतावर जाणाऱ्या बाईची रोजी काय, ते तुम्ही जाणता. तीनशे रुपये धरली, तर पाच हजार म्हणजे सतरा दिवसांची मजुरीही पुरती होत नाही. बाळंतीण बाई सतरा दिवसांत पुन्हा खुरपायला जाऊ शकेल काय? घरातल्या आयाबायांनाच विचारा.

दुसरी रक्कम मुलीची. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आपल्या राज्यात लेक लाडकी योजना सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरांसाठी ती आहे. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पुरी झाल्यावर ७५,०००. बेरीज १,०१,०००. ‘लाख रुपये’ म्हणतात ते हेच. परंतु ते हाती येतात केव्हा, तेही पाहा. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत हातात पडतात २६,०००. अठरा वर्षांच्या दिवसांनी भागा. दिवसाला चार रुपये! चार रुपयांत लेकीच्या पेल्यात दूध किती पडेल, ते तुम्हीच सांगा. शिवाय ही योजना दोन अपत्यांपर्यंतची आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचा दाखला पुढच्या हप्त्यांसाठी जोडावा लागतो. मुलाच्या आशेने तिसरे, चौथे होऊ देणाऱ्याने या योजनेवर भिस्त ठेवून चालणार नाही.

तिसरी गोष्ट धान्याची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरले. म्हणजे घरात एक तोंड वाढले, तर पाच किलो वाढते. पण बाळाचे नाव कार्डावर चढले तरच. अंत्योदय कार्डाचे तसे नाही. तेथे घराला ३५ किलो, मग माणसे किती का असेनात. पाच माणसे असली तर वाट्याला सात किलो येते. सात झाली तर पाच, आणि नऊ झाली तर चार किलोलाही कमी. सर्वांत गरीब घराचे कार्ड हेच, आणि तोंड वाढले की वाटा आटतो तोही याच घरात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, तिथली औषधे, रक्त, बाळंतिणीचे जेवण, घरून नेणे आणि परत पोहोचवणे हे सारे २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात विनामूल्य आहे. लसी विनामूल्य आहेत. अंगणवाडी आहे. सहा ते चौदा वर्षांपर्यंतची शाळा कायद्याने मोफत आहे. यात पहिले, दुसरे, तिसरे असा भेद नाही. ही मदत लहान समजू नका. कितीतरी बाळंतिणी आणि बाळे हिच्यामुळे वाचतात.

मग हिशेबाचा निकाल काय निघाला? मदत खरी आहे, पण ती टेकू आहे, खांब नव्हे. भिंत कलली असताना टेकू उपयोगी पडतो. त्याच्या भरवशावर वरचा मजला कोणी चढवत नाही.

आणि हा टेकू त्याच हेतूने दिलेला आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या ऑगस्टपासून, इंग्लंडात दुसऱ्या मुलापासून दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग देऊ लागले. एलिनॉर रॅथबोन नावाच्या बाई यासाठी कित्येक वर्षे झगडल्या होत्या. त्यांचा आग्रह एकच : हा पैसा बापाच्या नव्हे, आईच्या हाती पडला पाहिजे. का? तर तो दुधापावात जाईल म्हणून. पहिला हप्ता वाटला जाण्यापूर्वीच, त्याच वर्षाच्या जानेवारीत, त्या वारल्या. परंतु पैसा आईच्या हाती गेला. आपल्याकडेही मातृवंदनेचे पैसे आईच्याच खात्यात येतात. त्यातून मोबाईल आला, तर तो पैसा वाट चुकला असे समजा.

काही देशांनी याच्या उलट हेतूने पैसे दिले. मुले कमी होऊ लागली, म्हणून ती वाढावीत यासाठी. दक्षिण कोरियाने यावर अफाट खर्च केला, तरी २०२३ साली तेथे बाईमागे मुलांचे प्रमाण ०.७२ एवढे खाली आले होते. पैसा घेऊनही माणसे मुले का होऊ देत नाहीत? कारण जन्माच्या वेळचा खर्च थोडा असतो. राहायची जागा, शिकवण्या, आईची सुटणारी नोकरी, हे खरे ओझे, आणि ते वीस वर्षे चालते. हे त्या लोकांनी मोजले.

आपल्या राज्यातही आता घरोघरी मोजतात. २०१९ ते २१ च्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे १.७ मुले असे प्रमाण निघाले. तेव्हा ‘मुलांचा लोंढा आला’ म्हणून ओरडण्याची ही वेळ नव्हे. आणि सक्तीचीही नव्हे. १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयक मंजूर केले होते. ते कायदा झाले नाही, हे बरेच झाले. पाळणा सरकारने लांबवायचाही नाही आणि हलवायचाही नाही. तो घरचा आहे.

पण घरच्या हिशेबात एक रकमेची नोंद आपण कधीच करीत नाही. ती नोंद आज मला करायची आहे, आणि ती माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवीत होतो. वर्गात एक मुलगी होती. गणितात हुशार, व्याजाची उदाहरणे तोंडी सोडवायची. घरी तिच्या पाठच्या दोघी आणि मग धाकटा भाऊ झाला. आई मजुरीला जाऊ लागली आणि मुलीचे येणे कमी झाले. एक दिवस ती आली ती भावाला कडेवर घेऊनच. पोर रडू लागले, वर्ग हसू लागला. मी तिला म्हटले, “बाई, हे शाळेत चालायचं नाही. त्याला घरी ठेवून ये.”

ती गेली. ती परत आली नाही.

पुढे तिच्या वडिलांची गाठ पडली, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, बाळाचा काही खर्च नाही हो. दवाखाना फुकट झाला, धान्य मिळतं, थोरली सांभाळते.” त्यांचे बोलणे खोटे नव्हते. खर्च दिसत नव्हता, कारण तो थोरली भरीत होती. तिची सातवी, आठवी, दहावी त्यात गेली. त्यांनी तो मोजला नाही आणि मीही मोजला नाही. पोराला तासभर ओसरीवर निजवले असते, तर काय बिघडले असते? हे मला फार उशिरा सुचले.

म्हणून माझी विनंती आहे. आणखी एका मुलाचा विचार घरात निघेल तेव्हा दोन प्रश्न मोकळेपणाने विचारा. पहिला : बाळ पहिली दोन-तीन वर्षे कोणाच्या कडेवर राहणार? अंगणवाडीत ते बसू लागते तिसऱ्या वर्षी, तोपर्यंत कोण? दुसरा : आधीच्या मुलांच्या ताटातले आणि दप्तरातले काय कमी होणार? दोन्हींची उत्तरे मिळाली आणि आईची तयारी असली, तर बाळ आनंदाने येऊ द्या. मिळाली नाहीत, तर थांबा. थांबण्याची साधने सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. आणि पुरुषमंडळींनो, नसबंदी पुरुषाची केली तर ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, हेही ध्यानात ठेवा.

जे बाळ घरात आले आहे, त्याच्या हक्काचे मात्र काही सोडू नका. दिवस राहिल्यावर लवकर नाव नोंदवा. बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करा. तिला पैसे पडत नाहीत. तो दाखला घेऊन रेशनकार्डावर नाव चढवा. आईच्या नावाचे खाते आधारला जोडलेले आहे ना, ते पाहा. कागद कळत नसतील, तर आशाताईला, अंगणवाडीताईला विचारा. लाजू नका, ही भीक नव्हे.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. हजेरीपटावर एखाद्या थोरल्या मुलीच्या नावापुढे सलग गैरहजेरी दिसू लागली, तर तिच्या घरी एकदा जाऊन या. बहुधा पाळण्याची दोरी तिच्या हातात दिसेल. ती भावंडाला घेऊन वर्गात आली, तर मी केले ते करू नका. सतरंजीचा एक कोपरा द्या.

चोच देणारा चारा देतो की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण पुष्कळ घरांत तो चारा थोरल्या बहिणीच्या वाट्यातून जातो, एवढे मी पाहिले आहे. पुढच्या वेळी हिशेब मांडाल, तेव्हा तिचे नाव पहिल्या ओळीत लिहा.