तांबडा दिवा कां लागतो ?

रात्रीची वेळ असते. स्टेशन अजून दूर असतें आणि गाडी भर माळरानांत उभी राहते. डब्यांतील मंडळी प्रथम खिडकींतून डोकावतात, मग घड्याळ पाहतात, आणि अखेर कोणीतरी म्हणतो, "सिग्नल मिळाला नाहीं." एवढ्या उत्तरानें सर्वांचें समाधान होतें. परंतु सिग्नल म्हणजे काय, तो देतो कोण, आणि देणाराच चुकला तर पुढें काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. शेंकडों माणसें आपला जीव न दिसणाऱ्या माणसांच्या हातीं सोंपवून डब्यांत निश्चिंत झोंपीं जातात, तीं ह्याच प्रश्नांच्या उत्तरांवर विसंबून. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

बैलगाडी हांकणारा समोर खड्डा दिसला कीं कासरा ओढतो. मोटार चालविणारा आडवा आलेला माणूस पाहून ब्रेक दाबतो किंवा चक्र फिरवून बाजूस होतो. आगगाडीच्या ड्रायव्हरला ह्या दोन्ही गोष्टी साधत नाहींत. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतें, तेव्हां त्यांच्यामधील घर्षण फार थोडें असतें. थोड्या शक्तींत प्रचंड ओझें ओढतां येतें तें ह्यामुळेंच; पण तीच गाडी चटकन् थांबवितां येत नाहीं तीही ह्यामुळेंच. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें धांवणारी भरलेली गाडी थांबावयास सुमारें एक किलोमीटर अंतर लागूं शकतें. एवढ्या अंतरावरचें अंधारांत, धुक्यांत वा वळणापलीकडे कोणास दिसणार ? शिवाय गाडी कोणत्या रुळावर जावयाची हें ड्रायव्हरच्या हातीं नसतें, तें सांधा ठरवितो. सारांश, ड्रायव्हर डोळ्यांनीं पाहून गाडी चालवीत नाहीं. दुसऱ्या कोणीं दिलेल्या वचनावर चालवितो. पुढची वाट रिकामी आहे, सांधे योग्य बाजूस बसवून कुलूपबंद केले आहेत, आणि गाडी निघून जाईपर्यंत ह्यांत बदल होणार नाहीं, असें तें तिहेरी वचन. सिग्नल म्हणजे त्या वचनाचा उच्चार. सिग्नलचें सर्व शास्त्र हें वचन खोटें पडूं नये ह्यासाठीं रचलेलें आहे.

आरंभीं हें वचन केवळ घड्याळाच्या भरंवशावर दिलें जात असे. इंग्लंडांतील पहिल्या लोहमार्गांवर शिपाई बावटे घेऊन उभे राहत. एक गाडी गेली कीं ठराविक मिनिटें थांबावयाचें आणि मग दुसरी सोडावयाची. १८४१ सालीं लंडनच्या न्यू क्रॉस येथें चार्ल्स हटन ग्रेगरी ह्यानें खांबावर हलता हात असलेला सिग्नल उभारला. त्यामुळें इशारा दुरून दिसूं लागला. पण इशारा देणाऱ्याचें ज्ञान घड्याळापुरतेंच राहिलें. गाडी केव्हां निघाली हें घड्याळ सांगतें. ती आतां कोठें आहे हें सांगत नाहीं. वाटेंत ती थांबली असली, तर घड्याळास त्याची वार्ताही नसते.

हा दोष किती घातक ठरतो हें २५ ऑगस्ट १८६१ रोजीं ब्रायटन ते लंडन ह्या मार्गावरील क्लेटन बोगद्यांत दिसून आलें. त्या रविवारीं सकाळीं ब्रायटनहून तीन गाड्या थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानें निघाल्या. पहिली गाडी बोगद्यांत शिरली, पण तिच्या मागें आपोआप धोक्याचा व्हावयाचा सिग्नल झाला नाहीं. तोंच दुसरी आली. दक्षिण टोंकाच्या सिग्नलवाल्यानें घाईनें तांबडा बावटा दाखविला. पण ती आंत शिरली, आणि ड्रायव्हरला बावटा दिसला कीं नाहीं हें त्यास कळेना. वस्तुतः ड्रायव्हरनें तो पाहिला होता. त्यानें बोगद्यांतच गाडी थांबविली आणि ती मागें घ्यावयास आरंभ केला. इकडे सिग्नलवाल्यानें उत्तर टोंकाच्या सोबत्यास तारेनें विचारलें, "बोगदा मोकळा आहे काय ?" त्या क्षणीं पहिली गाडी बाहेर पडत होती. सोबत्यानें उत्तर दिलें, "मोकळा आहे." विचारणाऱ्यास वाटलें कीं दुसरी गाडी बाहेर पडली. त्यानें तिसरीस पांढरा बावटा दाखविला. त्या अंधारांत तेवीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. सिग्नलवाला त्या दिवशीं चोवीस तासांच्या पाळीवर होता, हेंही चौकशींत उघडकीस आलें.

दोघांपैकीं कोणीही खोटें बोललेलें नव्हतें. प्रश्न खरा होता, उत्तरही खरें होतें. फक्त प्रश्न एका गाडीविषयीं होता आणि उत्तर दुसऱ्या गाडीविषयीं. ह्यावरून सिग्नलशास्त्राचा पहिला धडा निघाला. दोन गाड्यांमध्यें वेळेचें नव्हे, तर जागेचें अंतर ठेवावयाचें. मार्गाचे तुकडे पाडावयाचे आणि एका तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी राहूं द्यावयाची. ह्या तुकड्यास रेल्वेच्या भाषेंत ब्लॉक म्हणतात. दोन्ही टोंकांच्या स्टेशनांत तारेनें जोडलेलीं यंत्रें असतात. पाठविणाऱ्या स्टेशनास आपल्या मर्जीनें गाडी सोडतां येत नाहीं. पुढच्या स्टेशनानें 'लाइन क्लियर' द्यावी लागते. तीही मागची गाडी संपूर्ण आली हें पाहिल्यावरच. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली रंगविलेली असते आणि रात्रीं तेथें तांबडा दिवा लागतो, तो शोभेसाठीं नव्हे. ती खूण दिसली म्हणजे गाडीचा एकही डबा वाटेंत सुटून राहिलेला नाहीं, अशी स्टेशनवाल्यांची खात्री होते.

ही रीत चांगली असूनही ती सर्वत्र स्वीकारली जाण्यास आणखी एक आघात व्हावा लागला. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांतील आर्मा येथून रविवारच्या शाळेंतील मुलांस सहलीस नेणारी गाडी चढावर अडकली. ती तोडून अर्धी पुढें नेण्याच्या खटपटींत मागचे डबे उतारावरून मागें घसरले आणि केवळ घड्याळ पाहून सोडलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी जीव गेले, त्यांत पुष्कळ मुलें होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून प्रवासी मार्गांवर तीन गोष्टी सक्तीच्या केल्या : ब्लॉकपद्धति, सांधे व सिग्नल ह्यांची परस्पर जखडण, आणि गाडीच्या सर्व डब्यांस लागणारा, डबे तुटल्यास आपोआप आवळणारा ब्रेक.

एकेरी मार्गावर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तेथें गाड्या समोरासमोरही येतात. १८७४ सालीं इंग्लंडांत नॉरिचजवळ थॉर्प येथें तारेच्या निरोपांतील चुकीनें दोन गाड्या समोरासमोर आदळल्या व पंचवीस माणसें दगावलीं. त्यानंतर १८७८ सालीं एडवर्ड टायर ह्यानें जें यंत्र काढलें, त्याची कल्पना कोणाही गृहिणीस तत्काळ पटावी अशी आहे. कोठारास एकच किल्ली ठेविली, तर एका वेळीं एकच जण आंत जाऊं शकतो. दोन स्टेशनांतील दोन पेट्या विजेनें अशा बांधल्या कीं कोणत्याही एकींतून धातूची चकती काढली कीं दोन्ही पेट्या बंद व्हाव्या, आणि ती चकती परत आंत पडेपर्यंत दुसरी निघूं नये. चकती हातीं असल्याखेरीज ड्रायव्हरनें त्या मार्गावर पाऊल टाकावयाचें नाहीं. हिंदुस्थानांत ह्याच तत्त्वावरचीं नीलचीं गोळ्याचीं यंत्रें दीर्घकाळ वापरांत होतीं. वेताच्या मोठ्या कड्यास बांधलेली कातडी पिशवी फलाटावर उंच धरून उभा असलेला रेल्वेचा माणूस आणि धांवत्या इंजिनांतून हात काढून ती उचलणारा ड्रायव्हर, हें दृश्य अनेकांनीं पाहिलेलें असेल. त्या पिशवींतील गोळा म्हणजे तीच कोठाराची किल्ली.

आतां दुसरें वचन, सांध्याचें. मोठ्या स्टेशनांत दहापांच रूळ एकमेकांस मिळतात. केबिनमध्यें सांध्यांचे व सिग्नलांचे लांब दांडे ओळीनें उभे असत. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, अशी गफलत थकलेल्या माणसाकडून सहज होई. १८५६ सालीं जॉन सॅक्सबी ह्यानें हे दांडे एकमेकांत अडकविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. सांधा बरोबर बसल्याखेरीज त्याच्या सिग्नलचा दांडा हलतच नाहीं. आणि सिग्नल दिलेला असतांना सांध्याचा दांडा जागचा ढळत नाहीं. ह्यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. ह्यांतील मर्म असें कीं केबिनवाल्यास चूक करूं नकोस अशी ताकीद देऊन भागत नाहीं. चूक करणेंच त्यास अशक्य करून ठेवावें लागतें. पुढें लोखंडी पट्ट्यांचें काम विजेच्या रिलेंनीं व अलीकडे संगणकांनीं घेतलें, तरी तर्क तोच राहिला.

तिसरा धडा सर्वांत सूक्ष्म आहे. यंत्र कधींना कधीं बिघडणारच. मग तें कोणत्या बाजूस बिघडावें ? १८७२ सालीं अमेरिकेंतील विल्यम रॉबिन्सन ह्यानें ह्याचें सुंदर उत्तर दिलें. रुळाच्या एका तुकड्याच्या एका टोंकास बॅटरी लावावयाची. वीज एका रुळानें जाते, दुसऱ्या टोंकास असलेलें रिले उचलून धरते आणि दुसऱ्या रुळानें परत येते. गाडी त्या तुकड्यावर आली कीं तिचीं चाकें व आंस दोन रूळ जोडतात. वीज मधूनच परतते, रिले खालीं पडतें आणि सिग्नल तांबडा होतो. आतां बॅटरी संपली असें समजा, तार तुटली असें समजा, रूळ दुभंगला असें समजा. प्रत्येक वेळीं रिले पडेल आणि तांबडाच दिवा लागेल. गाडी विनाकारण खोळंबेल, पण माणूस मरणार नाहीं. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर एकीमागून एक लोकल थोड्या मिनिटांच्या अंतरानें धांवतात त्या ह्याच तत्त्वाच्या आधारानें. गाडी आपल्या पाठीमागें स्वतःच तांबडा दिवा लावीत जाते.

हें तत्त्वही चुकांतूनच शिकावें लागलें. १८७६ च्या जानेवारींत इंग्लंडांत ॲबट्स रिप्टन येथें बर्फामुळें सिग्नलचे हात मोकळ्या वाटेच्या खुणेवरच गोठून राहिले आणि अपघात झाला. तेव्हांपासून सिग्नल एरव्हीं धोक्याचाच ठेवावा आणि गाडीसाठीं तेवढाच उघडावा, हा नियम दृढ झाला. पूर्वीं पांढरा दिवा म्हणजे वाट मोकळी असें मानीत; पण तांबडी कांच फुटली तर धोक्याचाच दिवा पांढरा दिसेल, हें ध्यानांत आल्यावर त्या जागीं हिरवा आला. आज चार रंगखुणांच्या सिग्नलांत हिरवा म्हणजे पूर्ण वेगानें चला, दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नलास वेग आंवरावयाचा आहे, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलास थांबण्याच्या तयारीनें चला, आणि तांबडा म्हणजे थांबा. थांबण्यास लागणारें तें लांब अंतर ड्रायव्हरला ह्या पायऱ्यांमुळें आधींच मिळतें.

स्टेशनमास्तरास आपल्या दोन्ही बाजूंचे तुकडे दिसतात. सबंध मार्गाचा विचार कंट्रोलर करतो. त्याच्यापुढें एक आलेख असतो. एका बाजूस स्टेशनें, दुसऱ्या बाजूस तासमिनिटें, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघा जेथें छेदतात तेथें एका गाडीनें बाजूच्या रुळावर थांबून दुसरीस वाट द्यावयाची. मेल पुढें काढावी कीं मालगाडी, हा निर्णय त्याचा. पण त्याचा हुकूमही इंटरलॉकिंगपुढें चालत नाहीं, ही ह्या व्यवस्थेची शोभा आहे.

मग आतां धोका उरला नाहीं काय ? २ जून २०२३ रोजीं ओडिशांत बहानगा बाजार येथें कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र बाजूच्या रुळाकडे होता, आणि तेथें मालगाडी उभी होती. अडीचशेंहून अधिक माणसें गेलीं. चौकशींत ड्रायव्हरकडे दोष आला नाहीं. सिग्नलच्या तारजोडणींत पूर्वीं केलेल्या फेरफारांतील चुका कारण ठरल्या. ज्या जखडणीमुळें अशी गोष्ट अशक्य व्हावयाची, तिच्यांतच माणसाच्या हातून खोट शिरली होती. म्हणूनच सिग्नलच्या यंत्रास हात लावण्यापूर्वीं तें बंद केल्याचा लेखी कागद स्टेशनमास्तरास द्यावा, आणि काम झाल्यावर एकूणएक जोडणी तपासूनच तें पुन्हां चालूं करावें, असा नियम आहे. तो वेळ खातो, गाड्या खोळंबतात, वरून विचारणा होते. आणि त्या घाईंतच तो मोडण्याचा मोह होतो. ड्रायव्हरनें तांबडा सिग्नल ओलांडल्यास आपोआप ब्रेक लावणारी 'कवच' नांवाची भारतीय बनावटीची यंत्रणा आतां कांहीं मार्गांवर बसविली जात आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. पण प्रत्येक नव्या यंत्राच्या मागें तार जोडणारा, ती तपासणारा आणि कागदावर सही करणारा माणूस असतोच.

म्हणून पुन्हां कधीं गाडी माळरानांत थांबली आणि खिडकीबाहेर तांबडा दिवा दिसला, तर डब्यांतील मुलांनीं तो कां लागला हें अवश्य विचारावें, आणि वडील मंडळींनीं घड्याळ खिशांत ठेवून उत्तर द्यावें. पुढें कदाचित् दुसरी गाडी असेल, कदाचित् एखादी तार तुटली असेल. कोणतेंही असो, खात्री नसतां कोणी हिरवा दिवा दाखविला नाहीं, एवढें त्या तांबड्या दिव्यावरून निश्चित कळतें.