भूमिपुत्रांना काम : कागदावर आणि प्रत्यक्षात
(देऊळघाट, जि. बुलढाणा येथील व्याख्यानाचा मजकूर)



या भागातील तरुण पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि कारखान्याच्या फाटकावर ऐकतात, ‘स्थानिक मुले टिकत नाहीत.’ परप्रांतीयाला मात्र लगेच काम मिळते. असे का व्हावे?

सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, हे महाराष्ट्र शासनाचे धोरण जुनेच आहे. २००८ मध्ये ते पुन्हा बजावण्यात आले. हरियाणाने तर ७५ टक्क्यांचा कायदाच केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. बिहारचा मजूरही याच देशाचा नागरिक आहे, हे विसरून चालणार नाही.

सौदी अरेबियापुढे ही अडचण नव्हती. तेथील मजूर खरोखरच परदेशी. २०११ मध्ये तेथे ‘निताकत’ योजना आली. स्वकीयांच्या प्रमाणानुसार कंपन्यांना रंग मिळाले. लाल रंगाच्या कंपनीला नवे व्हिसा बंद. तेव्हा काही मालकांनी नागरिकांची नावे हजेरीपटावर चढवली आणि किरकोळ पगार देऊन त्यांना घरी बसवले. काम परदेशी हातच करत राहिले, कारण ते स्वस्त होते आणि ‘कफाला’ पद्धतीने मालकाशी बांधलेले होते. अखेर पगाराची अट आली. २०२१ पासून ४००० रियाल पगार असेल तरच नागरिक पूर्ण एक कामगार धरला जाऊ लागला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मालकाला परका माणूस प्रिय नसतो. त्याची अगतिकता सोयीची असते. पत्र्याच्या खोलीत राहणारा, बारा तास राबणारा मजूर मिळत असेल, तर घरदार असलेला तरुण कोण घेईल? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांना समान कामासाठी समान वेतन द्यावे, असे १९७९ च्या कायद्याने सांगितले होते. ते कसोशीने पाळले गेले नाही. परप्रांतीयाला न्याय्य वेतन मिळाले, तरच आपल्या मुलाची स्पर्धा हातातील कौशल्याशी होईल, दुसऱ्याच्या लाचारीशी नव्हे.

ते कौशल्य आयटीआयमध्ये आणि १९६१ च्या कायद्याने सुरू झालेल्या शिकाऊ उमेदवारीत मिळते. परंतु शेवटचा अडसर आपल्याच घरात आहे. वेल्डर मुलाचे स्थळ आले की आपण नाक मुरडतो आणि परीक्षांच्या फेऱ्यांत वर्षे घालवणाऱ्याची वाट पाहतो. श्रमप्रतिष्ठेवर भाषणे पुष्कळ झाली. आता सोयरीक ठरवताना ती दिसू द्या.