दामाजीपंतांची पावती
(ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभातील व्याख्यान)



ग्रंथसेवेच्या शताब्दीप्रसंगी करासारखा रुक्ष विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बीदर म्हटले की मराठी मनाला प्रथम आठवते ती दामाजीपंतांची कथा, आणि ती कथा सरकारी बाकीचीच आहे.

महिपतींनी 'भक्तविजया'त सांगितलेली ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी खुली केली. बीदरच्या पादशहाने त्यांना पकडून आणविले. तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारी आला, धान्याची किंमत मोजून देऊन पावती घेऊन गेला. कीर्तनकार येथे देवाची भक्तवत्सलता पाहतात, ते योग्यच आहे. मला आणखी एक गोष्ट दिसते. भुकेल्याला अन्न देणे पुण्य मानूनही ही कथा खजिन्याची बाकी माफ करीत नाही. भुकेल्याचा हक्क आणि सार्वजनिक भांडाराचे देणे, लोकमानसाने दोन्ही मानले.

आज कर चुकविणे हा गुन्हा आहे. कर टाळणे मात्र चातुर्य समजले जाते. उत्पन्न दडविले तर शिक्षा. निष्णात सल्लागाराकरवी कायद्याच्या फटीतून बाहेर काढले तर कौतुक! कायद्याच्या चौकटीतील करनियोजन ग्राह्य असले, तरी फसव्या युक्त्या त्यात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मॅकडॉवेल खटल्यात बजावले होते. तरीही 'सरकार पैसा उधळते, मग आम्ही का द्यावा?' हा प्रश्न सुशिक्षितांच्या तोंडी सहज येतो. उधळपट्टीचा जाब जरूर विचारावा. पण दामाजीपंतांनी कोठार दुसऱ्यांसाठी रिते केले, आणि त्याची शिक्षा भोगण्यास ते सिद्ध होते. करटाळू मनुष्य ते स्वतःसाठी रिते करतो, आणि त्याची झळ दुसऱ्यांना पोचते.

ही झळ कोणाला पोचते? १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर एकाच वस्तूवर शेतमजुराला आणि कारखानदाराला एकाच दराने द्यावा लागतो. मजुराला तो टाळता येत नाही. त्याच्यापाशी सल्लागार नसतो. उलट वारसाहक्काने येणाऱ्या संपत्तीवरील मृत्युकर १९८५ साली गेला, आणि १९५७ चा संपत्तिकर २०१५ साली रद्द झाला. साठलेल्या धनावरील हे दोन्ही कर गेल्यावर, श्रीमंतांनी उरलेला करही टाळावा हे अधिकच खटकते.

सार्वजनिक खजिना दुबळा राहिला की काय होते, हे आपल्या प्रदेशाला वेगळे सांगायला नको. १९३७ साली 'टाइम' साप्ताहिकाने निजाम मीर उस्मान अली खान यांना जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून मुखपृष्ठावर झळकविले. त्याच राज्यात सर्फेखास आणि जहागिरींचे उत्पन्न दिवाणी खजिन्याबाहेर राहत होते. जहागिरी १९४९ साली संपल्या. मागासलेपण मात्र उरले. २००२ च्या नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातील ३९ अतिमागास तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात दाखविले. पुढे २०१२ साली ३७१-जे या कलमासाठी घटनादुरुस्ती करावी लागली. या मागासलेपणाची कारणे अनेक आहेत. पण विषमता माणसामाणसांत असते तशी प्रदेशाप्रदेशांतही असते, आणि ती भरून काढण्यास सार्वजनिक पैसाच लागतो.

या विषयाचा ग्रंथालयाशीही संबंध आहे. कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसविला. घराची मोजणी कमी दाखविली, की उपकरही तितकाच घटतो. ज्याला पुस्तके विकत घेता येतात, त्याचे काही अडत नाही. वाचनालयाच्या बाकावर बसून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचे मात्र अडते.

आश्रयदात्यांच्या उदारतेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु देणगी ही कराची जागा घेऊ शकत नाही. देणगी दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. कर हा सर्वांचा हक्काचा वाटा असतो. बिज्जलाचे भांडारी असलेल्या बसवेश्वरांनी याच भूमीत, कल्याणात, दासोहाचा विचार मांडला : कष्टाने मिळवावे आणि देण्याचा अहंकार न धरता समाजाला अर्पावे. देणगीदारांची नावे शिलेवर कोरली जातात. करदात्याला केवळ एक पावती मिळते. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात त्या पावतीलाही तितकाच मान मिळावा, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.