बढतीची तारीख



आज मी आपणांपुढें एका लहानशा गोष्टीविषयीं चार शब्द बोलणार आहें. ती गोष्ट म्हणजे कागदाच्या कोपऱ्यांत लिहिलेली एक तारीख. ठाणें, कल्याण, डोंबिवली या आपल्या टापूंत ज्यांचा मुलगा, मुलगी, जांवई किंवा भाऊ लष्करांत अधिकारी आहे, अशीं घरें थोडीं नाहींत. बढतीची बातमी आली, खांद्यावर नवें चिन्ह चढलें, शेजारीं पेढे पोंचले, म्हणजे सारें यथासांग झालें असें आपण समजतों. परंतु ती बढती कोणत्या दिवसापासून धरली, हें पाहण्याचें भान फार थोड्यांस असतें. आणि पुष्कळदां न्याय किंवा अन्याय त्या तारखेंतच दडलेला असतो.

प्रथम या तारखेचें महत्त्व पाहूं. आपल्या भूसेनेंत १६ डिसेंबर २००४ पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें दोन वर्षांच्या सेवेनंतर कॅप्टन, सहा वर्षांनंतर मेजर व तेरा वर्षांनंतर लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे ठराविक मुदतीनें मिळतात. कर्नलपासून वर मात्र निवड मंडळाची चाळणी लागते, जागा थोड्या असतात, आणि ज्येष्ठतेच्या यादींत मागेंपुढें कोण, यास मोठी किंमत येते. शिवाय निवृत्तीचें वय हुद्द्याशीं बांधलेलें आहे. बहुतेक शाखांत कर्नल ५४ व्या वर्षीं, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या, तर लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षीं निवृत्त होतो. म्हणजे ज्याचा कागद चोपन्नाव्या वर्षाच्या आंत पुढें सरकला नाहीं, तो लायक असूनहि घरीं येतो. त्याचें निवृत्तिवेतनहि खालच्या हुद्द्यावरच ठरतें. मग हुकूम निघाला तरी तें वरातीमागून घोडें!

मीं आयुष्यभर शाळेंत शिकविलें, म्हणून दाखला शाळेचाच देतों. वार्षिक परीक्षेचा निकाल कांहीं अडचणीमुळें वेळेवर न लागतां तीन महिने उशिरा लागला, तर मुलाचें नवें वर्ष त्या दिवसापासून मोजा, असें कोणी म्हणत नाहीं. तो इतरांबरोबरच वरच्या वर्गांत गेला असें आपण धरतों. परीक्षा त्यानें वेळेवर दिली होती. विलंब परीक्षकांचा होता. बढतीची तारीख मागें नेऊन दुरुस्त करणें, याचें मूळ तत्त्व एवढेंच आहे. ज्याच्या हातून विलंब झाला नाहीं, त्यानें त्याचा भुर्दंड सोसूं नये.

अर्थात् उशिरा आलेली प्रत्येक बढती अन्यायाचीच असते, असें नव्हे. डॉक्टर माधुरी कानिटकर यांची लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यासाठीं निवड आधीं झाली होती; पण जागा रिकामी झाल्यावर, २९ फेब्रुवारी २०२० रोजीं, त्यांनीं तें पद धारण केलें. येथें कोणाचाहि दोष नाहीं. जागाच नसेल तर चिन्ह कोठून द्यावयाचें? म्हणून तक्रार करण्यापूर्वीं विचारावें कीं, जागा नव्हती म्हणून थांबावें लागलें, कीं जागा असून कागद थांबला?

दुसऱ्या प्रकारचा विलंब आपल्या स्त्री-अधिकाऱ्यांच्या वांट्यास आला. १९९२ सालीं वैद्यकीय शाखांबाहेर स्त्रियांस अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला, तो अल्पमुदतीच्या नेमणुकीवर. कायम नेमणुकीसाठीं त्या न्यायालयांत गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०१० मध्यें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. भूसेनेंत त्याचा अंमल मात्र दहा वर्षें झाला नाहीं. शेवटीं १७ फेब्रुवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क मान्य केला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड हे आपल्या महाराष्ट्राचेच.

येथपर्यंत ठीक. पण पुढें एक चमत्कारिक प्रकार घडला. कायम नेमणुकीसाठीं पुरुष अधिकाऱ्यांची पारख सेवेच्या पांचव्या किंवा दहाव्या वर्षीं, भर तारुण्यांत, झालेली होती. स्त्रियांना ती संधि दिली विलंबानें, आणि शरीरप्रकृतीची कसोटी मात्र लावली त्यांच्या आजच्या वयाची! कामाचे अहवाल तेवढे जुन्या वर्षांपर्यंतचेच धरले, आणि नंतरच्या मोठ्या कामगिऱ्या बाजूस ठेवल्या. लेफ्टनंट कर्नल नीतिशा व इतर यांच्या खटल्यांत २५ मार्च २०२१ रोजीं न्यायमूर्ति चंद्रचूड यांच्याच पीठानें ही रीत मनमानी ठरविली, आणि प्रकृतीची कसोटी त्या पांचव्या किंवा दहाव्या वर्षाच्या वेळची धरावी असा निर्णय दिला. म्हणजे तपासणी जेव्हां व्हावयास हवी होती, ती वेळ खरी. दप्तरास जाग आली ती वेळ खरी नव्हे. माझ्या मतें या निकालाचें सार तें हेंच.

तरीहि प्रश्न संपला नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें कर्नलच्या १०८ जागांसाठीं २४४ स्त्री-अधिकाऱ्यांचा विचार झाला. त्यांत गोपनीय अहवाल कोठपर्यंतचे धरले, यावरून पुन्हां वाद उठला, आणि त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानें पंधरवड्याच्या आंत निवड मंडळ पुन्हां बसविण्यास सांगितलें. एक तारीख चुकली कीं, तिच्या पोटीं दुसऱ्या किती चुका जन्मास येतात, तें यावरून दिसेल.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत २०२३ सालीं एकाच सिनेटरनें एका सरकारी धोरणाच्या निषेधार्थ चारशेंहून अधिक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बढत्या महिनोन्महिने अडवून धरल्या. डिसेंबरांत त्यांतील बहुतेक मोकळ्या झाल्या. त्या अधिकाऱ्यांचा धोरणाशीं संबंध नव्हता, आणि दोष तर नव्हताच.

आतां पैशाचा प्रश्न. तारीख मागें नेली म्हणजे थकलेला पगारहि मिळतोच, असें नाहीं. कित्येकदां ज्येष्ठता मिळते, पण पगार हुकुमाच्या दिवसापासूनच सुरू होतो. मुलकी नोकरांच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें १९९१ च्या जानकीरामन खटल्यांत सांगितलें आहे कीं, काम करण्यास तयार असलेल्या माणसास सरकारनेंच दूर ठेवलें असेल, तर ‘काम नाहीं तर दाम नाहीं’ हा नियम त्याला सरसकट लावतां येणार नाहीं. फील्ड मार्शल माणेकशा यांना तो सर्वोच्च हुद्दा जानेवारी १९७३ मध्यें मिळाला. त्या हुद्द्याची थकबाकी, एक कोटी रुपयांहून अधिक, हातीं पडली २००७ सालीं. आणि जून २००८ मध्यें ते निवर्तले. एवढ्या मोठ्या सेनानीची ही कथा, तेथें एखाद्या मेजरची काय?

मग उपाय कोणता? भूसेनेच्या अधिकाऱ्यास १९५० च्या आर्मी ॲक्टच्या २७ व्या कलमान्वयें गाऱ्हाणें मांडतां येतें. तेथें दाद न लागल्यास २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, आणि त्याचें एक पीठ आपल्याजवळ मुंबईंतच आहे. गाऱ्हाण्याचा निकाल लागल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तेथें अर्ज करावयाचा असतो. गाऱ्हाण्यावर सहा महिने कांहींच उत्तर न आल्यासहि न्यायाधिकरणाचें दार उघडतें. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. परंतु त्या आशेवर स्वस्थ बसूं नये. कारण ज्येष्ठतेची यादी ही रांग आहे. एकाला पुढें घेतलें कीं दुसरा मागें सरतो, आणि वर्षानुवर्षें स्थिरावलेली रांग मोडण्यास न्यायालयें सहसा तयार होत नाहींत.

उशिराचा धडा जनरल विजयकुमार सिंह यांच्या वादांतहि आहे. तेथें तारीख बढतीची नव्हे, जन्माची होती. मॅट्रिकच्या दाखल्यावर १९५१, प्रबोधिनीच्या प्रवेश-अर्जावर १९५०. आणि लष्कराच्या दोन दप्तरांत हीं दोन सालें वर्षानुवर्षें शेजारीं शेजारीं नांदलीं. ते सरसेनापति असतां प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १० फेब्रुवारी २०१२ रोजीं न्यायालयानें हस्तक्षेप करण्याची तयारी दाखविली नाहीं, अर्ज मागें घेतला गेला, आणि ३१ मे रोजीं ते निवृत्त झाले.

म्हणून ज्यांच्या घरीं असा अधिकारी आहे, त्यांना माझें सांगणें इतकेंच. बढतीचा हुकूम आला कीं पेढे अवश्य वाटा. पण त्याच दिवशीं त्यावरील तारीख वाचा, बरोबरीच्या अधिकाऱ्यांच्या तारखेशीं ताडून पाहा, आणि हुकुमाची नक्कल जपून ठेवा. चूक दिसली तर लाजूं नका, रागावूंहि नका. मुदतींत लेखी विचारा. देशासाठीं प्राण देण्यास सिद्ध असलेल्या माणसानें तारखेसाठीं भांडावें हें कोत्या मनाचें लक्षण आहे, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. ज्याच्याकडून आपण मिनिटाचा विलंब खपवून घेत नाहीं, त्याचे वर्षांचे हिशेब चोख ठेवणें, हें दप्तराचें कर्तव्य आहे. आणि त्याची आठवण देणें हा त्या माणसाचा हक्क आहे.